पोर्टलवरील अहवाल एक्सेलमध्ये घेताना ठेवावयाची दक्षता

प्राथमिक शाळेतील अध्यापकाच्या कामात पत्रके व तक्ते नेहमीच आले आहेत. जिल्हा स्कूल बोर्डाच्या अमदानीत पटाचा व हजेरीचा गोषवारा हाताने लिहून तालुक्यास पाठविला जाई. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, त्यानंतरही कित्येक वर्षे हीच रीत चालू राहिली. पुढे यू-डायसची पत्रके आली. २०१५ मध्ये राज्याची सरल प्रणाली सुरू झाली. २०१८–१९ पासून यू-डायस प्लस आले आणि २०२२–२३ पासून त्यात प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होऊ लागली. त्यामुळे शाळेची माहिती आता पोर्टलवर असते आणि यादी हवी असेल तेव्हा ती तेथून उतरवून एक्सेलमध्ये घ्यावी लागते.

वरवर पाहता हे काम सोपे आहे. फाइल उतरवावी, तिच्यावर दोनदा टिचकी मारावी आणि यादी समोर यावी, अशीच बहुतेकांची रीत आहे. परंतु या रीतीत एक गंभीर दोष आहे. पोर्टलवर माहिती बरोबर असते, उतरवून घेतलेल्या फाइलीतही ती बरोबर असते, आणि तरीही एक्सेलमध्ये उघडताक्षणीच तिच्यात फरक पडू शकतो. या फरकाची कोणतीही सूचना मिळत नाही. पुढे तीच यादी केंद्रात जाते, केंद्रातून गटात जाते, आणि चूक कोठे शिरली याचा मागमूस राहत नाही.

या चुकीचे परिणाम मुलांना भोगावे लागतात. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील अनेक कुटुंबे हंगामात द्राक्षबागांच्या कामासाठी दिंडोरी-निफाडकडे येतात. त्यांच्या मुलांची नावे एका शाळेच्या पटावरून दुसऱ्या शाळेच्या पटावर जातात, ती त्यांच्या विद्यार्थी क्रमांकाच्या आधारे. क्रमांक चुकला तर मूल शाळेत बसूनही कागदोपत्री सापडत नाही, किंवा एकाच मुलाची दोन शाळांत नोंद दिसते. बँक खात्याचा क्रमांक चुकला तर शिष्यवृत्तीची रक्कम अडते. संचमान्यतेसाठी आधार पडताळणी झालेला पट विचारात घेतला जात असल्यामुळे चुकीच्या यादीचा उपद्रव शिक्षकांच्या पदांपर्यंत पोहोचतो. यास्तव माहिती आत घेण्याची शुद्ध रीत कोणती आणि ती तशी का, हे प्रत्येक अध्यापकाने एकदा नीट समजून घेणे इष्ट आहे.

१. उतरवून घेतलेल्या फाइलीचे स्वरूप

पोर्टलवरील अहवाल साधारणतः तीन रूपांत मिळतात : पीडीएफ, एक्सेल आणि सीएसव्ही. पीडीएफ ही छपाईसाठी असते. तिच्यावर पुढील आकडेमोड करणे त्रासाचे होते. सीएसव्ही म्हणजे अगदी साधा मजकूर. तिच्यात प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एक ओळ असते आणि ओळीतील एका रकान्याची माहिती दुसऱ्यापासून स्वल्पविरामाने वेगळी केलेली असते. अशा फाइलीचा नमुना पुढे दिला आहे. येथे अंक देवनागरीत छापले आहेत. पोर्टलवर ते इंग्रजी अंकांत असतात. क्रमांक केवळ उदाहरणादाखल घेतला आहे.

अनुक्रमांक,नाव,जन्मतारीख,विद्यार्थी क्रमांक,पत्ता
१,सविता,०७/०६/२०१८,१२३४५६७८९०१२३४५६७८९,"मु. पो. वणी, ता. दिंडोरी"

पत्त्यात स्वतःचा एक स्वल्पविराम आहे, म्हणून तो अवतरणचिन्हांत ठेवला आहे. अवतरणचिन्हे नसती तर ‘ता. दिंडोरी’ हा मजकूर पुढच्या रकान्यात सरकला असता. एखाद्या यादीत काही ओळी उजवीकडे सरकलेल्या दिसल्या तर बहुधा हेच कारण असते.

या फाइलीत केवळ अक्षरे व अंक आहेत. कोणता रकाना तारखेचा, कोणता संख्येचा आणि कोणता नुसत्या ओळखीचा, हे फाइलीत कोठेही लिहिलेले नसते. ते ठरविण्याचे काम फाइल उघडणाऱ्यावर पडते. आपण ठरविले नाही तर एक्सेल आपल्या अंदाजाने ठरविते. या प्रकरणातील बहुतेक सर्व घोटाळे या अंदाजातून निर्माण होतात.

फाइलीत खरोखर काय आहे हे पाहावयाचे असल्यास ती नोटपॅडमध्ये उघडावी. नोटपॅड कोणताही अंदाज बांधीत नाही; जे असेल ते तसेच दाखविते.

काही वेळा एक्सेल म्हणून मिळालेली फाइल उघडताना, तिचे स्वरूप व नाव जुळत नाही, अशी सूचना येते. ही फाइल एक्सेलची नसून वेबपानावरील तक्ताच त्या नावाने पाठविलेला असतो. अशा वेळी शक्य असेल तर त्याच अहवालाची सीएसव्ही फाइल घ्यावी. ती मिळत नसेल तर उघडलेल्या यादीतील लांब क्रमांक पोर्टलशी ताडून पाहिल्याखेरीज वापरू नयेत.

२. फाइल सरळ उघडल्यास काय घडते

(अ) लांब क्रमांक. सरलमधील विद्यार्थी क्रमांक १९ अंकी आहे. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले १५ अंकच सांभाळते व पुढील अंकांच्या जागी शून्ये घालते. वरील नमुन्यातील क्रमांक सरळ उघडल्यास पडद्यावर १.२३ई+१८ असे काहीतरी दिसते; मधले अक्षर इंग्रजी ‘ई’ असते. रकाना रुंद करून पूर्ण क्रमांक दाखविण्यास सांगितले तर १२३४५६७८९०१२३४५०००० असा क्रमांक दिसतो. शेवटचे ६७८९ हे चार अंक गेले. एका शाळेतील एकाच वर्षाच्या मुलांच्या क्रमांकांत सुरुवातीचा भाग पुष्कळदा सारखा असतो आणि भेद शेवटच्या अंकांत असतो. म्हणजे जे अंक गेले तेच एका मुलाला दुसऱ्यापासून वेगळे करणारे होते. सर्व वर्गाचा एकच क्रमांक होऊन बसतो.

११ अंकी यू-डायस क्रमांक, ११ अंकी कायम शिक्षण क्रमांक, १२ अंकी आधार व अपार क्रमांक हेही असे ‘ई’ घालून आखूड केलेले दिसू शकतात. परंतु ते १५ अंकांच्या आत असल्यामुळे त्यांची हानी झालेली नसते. रकाना रुंद करून त्याचे स्वरूप दशांशरहित संख्या असे केले की ते पूर्ववत दिसतात. केवळ दिसण्यातील फरक कोणता आणि खरी हानी कोणती, हा भेद ओळखता आला पाहिजे.

(आ) आरंभीचे शून्य. काही बँकांचे खातेक्रमांक शून्याने सुरू होतात. गणिताच्या दृष्टीने ००४५ आणि ४५ सारखेच असल्यामुळे एक्सेल पुढची शून्ये टाकून देते. बँकेच्या दृष्टीने मात्र तो क्रमांक चुकीचा ठरतो. यू-डायस क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे व पुढील दोन जिल्ह्याचे असतात. महाराष्ट्राचे अंक २७ आणि नाशिकचे २० असल्याने आपल्या शाळांचे क्रमांक २७२० ने सुरू होतात व त्यांना हे भय नाही. परंतु सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींच्या परिसरात कामगारांची मुले उत्तर प्रदेशातील शाळांतून येतात. त्या राज्याचे अंक ०९ आहेत. अशा मुलाच्या मागील शाळेचा क्रमांक ११ अंकी न राहता १० अंकी होतो आणि पोर्टल तो स्वीकारीत नाही.

(इ) तारखा. संगणकाची भाषा व प्रदेश अमेरिकी पद्धतीचे ठेवलेले असतील तर तो महिना आधी व दिवस नंतर वाचतो. ०७/०६/२०१८ ही ७ जून तारीख तो ६ जुलै समजतो. २५/०६/२०१८ मात्र त्याला तारीख वाटतच नाही, कारण पंचविसावा महिना नसतो. ती तो नुसता मजकूर म्हणून सोडून देतो. अशा रीतीने एकाच रकान्यात काही तारखा बदललेल्या व काही न बदललेल्या राहतात. पहिलीच्या प्रवेशाचे वय ठरविताना मानीव दिनांकाच्या आसपास जन्मलेल्या मुलांवर यामुळे अन्याय होण्याचा संभव आहे.

जे तारीख नाही त्यासही तारीख समजण्याची खोड एक्सेलला आहे. शाळेच्या माहितीत ‘१-५’ असे लिहिलेले असते, म्हणजे पहिली ते पाचवीचे वर्ग. सरळ उघडल्यास तेथे ‘०१-मे’ असे काही दिसते. ही खोड जगभर प्रसिद्ध आहे. जीवशास्त्रात ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ अशी काही मानवी जनुकांची नावे होती. एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकी. अखेरीस २०२० मध्ये जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने नियमच बदलला आणि ‘मार्च१’चे ‘मार्चएफ१’, ‘सेप्ट१’चे ‘सेप्टिन१’ झाले.

(ई) मराठी अक्षरे. पोर्टलवरील मराठी मजकूर युनिकोडमध्ये असतो व फाइलीत तो यूटीएफ-८ या पद्धतीने साठविलेला असतो. तीत प्रत्येक देवनागरी चिन्हास तीन बाइट लागतात. एक्सेलने ती पद्धत ओळखली नाही तर तो प्रत्येक बाइट हे एक स्वतंत्र रोमन चिन्ह समजतो. मग मुलांच्या नावांच्या जागी मात्रा चढविलेला रोमन ‘ए’ व त्याच्या शेजारी चलनाची चिन्हे अशी रांग दिसते. ही फाइल बिघडलेली नसते. ती चुकीच्या किल्लीने उघडलेली असते. फाइल बंद करावी, जतन करू नये, आणि पुढे सांगितलेल्या रीतीने उघडावी.

३. क्रमांक व संख्या यांतील भेद

एक्सेल असे का करते, हे समजल्यास पुढील नियम पाठ करावे लागत नाहीत. हे साधन हिशेबासाठी निर्माण झाले आहे. अंक दिसले की ते परिमाण आहे, असे ते धरून चालते. परिमाण साठविण्यासाठी ते संगणकशास्त्रातील एक सर्वमान्य पद्धत वापरते. तिचा मानक नियम १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. तीत प्रत्येक संख्येस ६४ बिटांची ठराविक जागा मिळते आणि तेवढ्या जागेत सुमारे १५ अंकच खात्रीने मावतात. मोजमापासाठी हे पुरेसे आहे. गंगापूर धरणात किती पाणी आहे हे सांगताना शेवटच्या तांब्यापर्यंत कोणी मोजत नाही. मोठ्या परिमाणात अखेरचे अंक उपेक्षणीय असतात.

विद्यार्थी क्रमांक हे परिमाण नव्हे. दोन मुलांच्या क्रमांकांची बेरीज करण्यात काही अर्थ नाही, सरासरी काढण्यात नाही, लहान-मोठे ठरविण्यातही नाही. हा क्रमांक अंकांनी लिहिलेले नाव आहे, आणि नावातील प्रत्येक अक्षर सारख्याच महत्त्वाचे असते. म्हणून प्रत्येक रकान्यासमोर अध्यापकाने स्वतःस एकच प्रश्न विचारावा : या रकान्याची बेरीज मला कधी करावी लागेल काय? मुलगे, मुली, एकूण पट, उपस्थितीचे दिवस, तांदळाचे किलो यांची बेरीज करावी लागते. ते संख्येचे रकाने. विद्यार्थी क्रमांक, आधार, यू-डायस, खातेक्रमांक, भ्रमणध्वनी यांची बेरीज कधीच होत नाही; ते मजकुराचे रकाने. हा निर्णय फाइल उघडण्यापूर्वी झाला पाहिजे. आत शिरताना अंक एकदा गेल्यावर रकान्याचे स्वरूप मागाहून ‘टेक्स्ट’ केले तरी गेलेले अंक परत येत नाहीत. त्या वेळी मूळ फाइलीकडे पुन्हा जाणे हाच उपाय होय.

४. आत घेण्याची योग्य रीत

प्रथम उतरवून घेतलेली फाइल ‘मूळ’ या नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी. तिच्या नावात अहवालाचे नाव व दिनांक घालावा. या फाइलीत कधीही दुरुस्ती करू नये. नंतर आपल्या संगणकावर जे साधन असेल त्याप्रमाणे कृती करावी.

नवे एक्सेल. आधी कोरी वही उघडावी. वरील पट्टीत ‘डेटा’ निवडून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ वर टिचकी मारावी व फाइल दाखवावी. समोर नमुना येईल. ‘फाइल ओरिजिन’ मध्ये ‘६५००१ : युनिकोड (यूटीएफ-८)’ निवडावे, मराठी नावे तत्काळ शुद्ध दिसू लागतील. ‘लोड’ न दाबता ‘ट्रान्सफॉर्म डेटा’ दाबावे. उघडणाऱ्या खिडकीत उजव्या बाजूस ‘अप्लाइड स्टेप्स’ ही केलेल्या कृतींची यादी असते. तीत ‘चेंज्ड टाइप’ ही ओळ म्हणजेच एक्सेलने स्वतः केलेला अंदाज. तिच्या डावीकडील फुलीवर टिचकी मारून ती काढून टाकावी. आता सर्व रकाने मजकूर म्हणून राहतील. त्यांतील ज्यांची बेरीज करावयाची आहे तेवढेच ‘होल नंबर’ करावेत. जन्मतारखेच्या रकान्यावर उजवी टिचकी मारून ‘चेंज टाइप’ व त्यात ‘यूझिंग लोकेल’ निवडावे. प्रकार ‘डेट’ आणि प्रदेश ‘इंग्लिश (इंडिया)’ द्यावा. शेवटी ‘क्लोज अँड लोड’ करावे.

जुने एक्सेल. ‘डेटा’ मध्ये ‘फ्रॉम टेक्स्ट’ निवडल्यावर तीन पायऱ्यांची खिडकी येते. पहिल्या पायरीत ‘डिलिमिटेड’ व ६५००१ निवडावे. दुसऱ्या पायरीत ‘कॉमा’ला खूण करावी. तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच घाईत ओलांडली जाते. तेथे नमुन्यातील एकेका रकान्यावर टिचकी मारून क्रमांकांसाठी ‘टेक्स्ट’ व तारखांसाठी ‘डीएमवाय’, म्हणजे दिवस-महिना-वर्ष, निवडावे. मगच ‘फिनिश’ करावे.

लिब्रेऑफिस कॅल्क. ज्या शाळांत हे विनामूल्य साधन आहे तेथे काम अधिक सोपे आहे, कारण सीएसव्ही फाइल उघडताच ते स्वतः विचारते. अक्षरसंच ‘युनिकोड (यूटीएफ-८)’, विभाजक ‘कॉमा’, आणि खालील नमुन्यात क्रमांकांच्या रकान्यांस ‘टेक्स्ट’ व तारखांस ‘डेट (डीएमवाय)’ द्यावे. रकान्यावर ‘स्टँडर्ड’ असे राहू दिल्यास येथेही लांब क्रमांकांची तीच गत होते.

गूगल शीट्स. ‘फाइल’ मधील ‘इंपोर्ट’ वापरून फाइल द्यावी. येणाऱ्या खिडकीत मजकुराचे संख्या, तारखा व सूत्रे यांत रूपांतर करण्याच्या पर्यायास आधीच खूण असते. ती काढून टाकावी.

ऑक्टोबर २०२३ पासून विंडोजवरील नव्या एक्सेलमध्ये ही आपोआप होणारी रूपांतरे बंद करण्याची सोय ‘ऑप्शन्स’ मधील ‘डेटा’ विभागात दिली आहे. ती उपयुक्त आहे, परंतु ती ज्या संगणकावर केली त्यापुरतीच लागू होते. यादी केंद्रातील वा गटातील दुसऱ्या संगणकावर उघडली जाणार असल्याने केवळ तिच्यावर विसंबू नये.

यादी आत आल्यावर क्रमांकांच्या घरांच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसेल. ‘ही संख्या मजकूर म्हणून ठेवली आहे’ असे एक्सेल सांगते व तिची संख्या करण्याचा पर्याय पुढे करते. तो पर्याय कदापि स्वीकारू नये. आपण जाणूनबुजून केलेली गोष्टच ते दोष म्हणून दाखवीत असते.

५. पडताळणी

आत घेतलेली यादी बरोबर आहे, असे गृहीत धरू नये, ती तपासावी. त्यासाठी पाच-दहा मिनिटे पुरतात.

पहिली तपासणी ओळींची. पोर्टलवर पट १३७ दाखविला असेल तर शीर्षक वगळून १३७ ओळी आल्या पाहिजेत. ही तपासणी क्षुल्लक वाटेल. परंतु ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य विभागात कोविडचे १५,८४१ रुग्ण मोजणीतून राहून गेले, ते याच तपासणीअभावी. प्रयोगशाळांच्या याद्या जुन्या एक्सेल स्वरूपात घेतल्या जात होत्या. त्यात एका पानावर ६५,५३६ ओळीच मावतात. त्यापुढील नावे गळून पडली. नव्या स्वरूपात १०,४८,५७६ ओळी मावतात. शाळेच्या यादीस हा धोका नाही, पण जिल्हा पातळीवर विद्यार्थीनिहाय याद्या एकत्र करणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये.

दुसरी तपासणी बेरजेची. अनेक अहवालांच्या शेवटी ‘एकूण’ अशी ओळ असते. ती धरून पुन्हा बेरीज केली तर पट दुप्पट येतो. बेरजेपूर्वी ती ओळ वेगळी करावी आणि आपली बेरीज तिच्याशी ताडून पाहावी.

तिसरी तपासणी डोळ्यांची. संख्या घराच्या उजव्या कडेस व मजकूर डाव्या कडेस बसतो. विद्यार्थी क्रमांक सर्व डावीकडे, बेरजेचे आकडे सर्व उजवीकडे, असे दिसले पाहिजे. तारखांच्या रकान्यात काही उजवीकडे व काही डावीकडे असतील तर महिना-दिवसांची अदलाबदल झाली आहे, असे निश्चित समजावे.

चौथी तपासणी नमुन्याची. यादीतील पहिले, मधले व शेवटचे अशी तीन नावे घेऊन त्यांचे क्रमांक व जन्मतारखा पोर्टलशी आणि शाळेच्या जनरल रजिस्टरशी अंक न अंक ताडून पाहाव्यात. क्रमांकाच्या शेवटी चार शून्ये दिसल्यास पुढे काम करू नये.

६. दोन याद्या जुळविताना

सरलची यादी व यू-डायस प्लसची यादी जुळवून कोणते मूल कोठे राहिले हे शोधणे, हे आता नित्याचे काम झाले आहे. त्यासाठी व्हीलुकअप सूत्र वापरले जाते. एका यादीत आधार क्रमांक मजकूर म्हणून व दुसरीत संख्या म्हणून असेल तर अंक तंतोतंत सारखे असूनही सूत्र ‘सापडत नाही’ असेच सांगते. दोन्ही याद्या वरील रीतीने आत घेतल्या तर ही अडचण येत नाही. क्रमांकापुढे किंवा मागे मोकळी जागा राहिली असेल तरीही हेच घडते. ती ‘ट्रिम’ सूत्राने काढावी.

पुनरावृत्ती शोधताना आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. काउंटइफ हे सूत्र आणि पुनरावृत्त नोंदी रंगविण्याची सोय, ही दोन्ही मजकूर म्हणून ठेवलेल्या अंकांनाही आतल्या आत संख्या समजून तुलना करतात. त्यामुळे १९ अंकी क्रमांक शुद्ध असूनही ज्यांचे पहिले १५ अंक सारखे ती सर्व मुले ‘दुबार’ दिसतात. अशा यादीवरून खऱ्या मुलांची नावे पटावरून कमी होण्याचा धोका आहे. यासाठी काउंटइफमध्ये शोधावयाच्या क्रमांकास शेवटी तारांकन जोडावे; म्हणजे तुलना अक्षरशः होते. दुबार ठरलेले कोणतेही नाव वर्गशिक्षकाने प्रत्यक्ष खात्री केल्याखेरीज कमी करू नये.

७. जतन व गोपनीयता

तयार झालेली यादी ‘एक्सेल वर्कबुक’ म्हणूनच जतन करावी. ती पुन्हा सीएसव्ही म्हणून जतन केली तर कोणता रकाना मजकुराचा, ही आपण दिलेली माहिती पुसली जाते आणि पुढील मनुष्याने दोनदा टिचकी मारताच पहिला घोटाळा पुन्हा होतो. पोर्टलवर चढविण्यासाठी सीएसव्हीच मागितली असेल तर ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा प्रकार निवडावा. साध्या सीएसव्हीत मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे पडतात व ती नावे त्या फाइलीतून परत मिळत नाहीत. चढविण्यापूर्वी ती फाइल नोटपॅडमध्ये एकदा पाहावी.

या याद्यांत लहान मुलांचे आधार क्रमांक, जन्मतारखा व खातेक्रमांक असतात. त्या व्हॉट्सॲपच्या गटांवर टाकणे सर्वथा अयोग्य आहे. कामास जे रकाने आवश्यक नाहीत ते काढून टाकून उरलेली यादी संबंधितासच पाठवावी. बाहेरच्या संगणक केंद्रावर काम केले असल्यास निघण्यापूर्वी फाइल तेथून काढून टाकावी व पोर्टलमधून बाहेर पडावे.

समारोप

वर सांगितलेल्या कृतीस पहिल्या वेळी अर्धा तास लागेल. दुसऱ्या वेळी दहा मिनिटे पुरतील. केंद्रप्रमुखांनी आगामी शिक्षण परिषदेत प्रत्येक शाळेस एका वर्गाची यादी आणावयास सांगून ती एकदा सरळ व एकदा योग्य रीतीने उघडून दाखवावी. दोन्ही याद्यांतील विद्यार्थी क्रमांक शेजारी शेजारी ठेवले की अधिक विवेचनाची गरज राहणार नाही. ज्या शाळेत संगणक नाही तेथील शिक्षकांनी आपली यादी केंद्रशाळेत भरली जाताना स्वतः उपस्थित राहून नमुना तपासणी करावी.

जनरल रजिस्टरात मुलाचे नाव लिहिताना आपण ऱ्हस्व-दीर्घाचीही काळजी घेतो, कारण त्या एका नोंदीवर त्याचा पुढील दाखला अवलंबून असतो. विद्यार्थी क्रमांकाच्या शेवटच्या चार अंकांना तेवढीच काळजी लाभावी, एवढीच या लेखाची अपेक्षा आहे.